डावा पाय कमी उघडतो : बॅले शिकणाऱ्या एका मुलीचं प्रकरण

हे प्रकरण रत्नागिरीतलं आहे. मुलीच्या पालकांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं टाळली आहेत.

पार्श्वभूमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे. आंब्याच्या हंगामात झाडावरून पडलेले, जाळी ओढून खांदा धरलेले आणि बारा महिने गुडघेदुखीच्या आज्या, असा माझा पेशंटवर्ग. बॅले शिकणारी मुलगी त्यात क्वचितच दिसते. गावात एक शिक्षिका बॅलेचा क्लास घेतात. मुंबईत शिकलेल्या, लग्नानंतर इकडे आलेल्या. एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, भिंतीला लाकडी बार, लादीवर अंथरलेलं विनाइल. मुली लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ डान्सच्या अभ्यासक्रमाप्रमाणे शिकतात, परीक्षेला मुंबईला जातात.

ही मुलगी १३ वर्षांची. आधी भरतनाट्यम शिकली, मग बॅले. अंगाने सडपातळ, त्या वर्षी उंची भराभर वाढत होती. पुढच्या परीक्षेचा विचार चालू होता आणि त्यापुढची पायरी इंटरमिजिएट फाउंडेशन, म्हणजे पॉइंट शूज, बोटांच्या टोकांवर उभं राहण्याचे बूट. घरातल्या कपाटावर तिने पॉइंट शूजचा फोटो चिकटवून ठेवलाय, असं आईने नंतर सांगितलं.

टर्नआउट म्हणजे दोन्ही पाय खुब्यातून बाहेरच्या बाजूला फिरवून उभं राहणं. बॅलेतलं जवळजवळ सगळं त्यावर उभं आहे. पुस्तकातला आदर्श म्हणजे टाचेला टाच लावून दोन्ही पावलं एका सरळ रेषेत, १८० अंश. प्रत्यक्षात हे सगळं खुब्यातून क्वचितच येतं. काही भाग नडगीच्या हाडाला जो नैसर्गिक पीळ असतो त्यातून येतो, थोडा पावलातून. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या असलेला माणूस तसाही विरळाच.

तक्रार

डाव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला दुखणं. क्लास झाला की संध्याकाळी सुरू, सकाळपर्यंत बरं. पावसाळा लागला तसं वाढलं. शिक्षिकेचं निरीक्षण असं, की फिफ्थ पोझिशनमध्ये (एक पाऊल दुसऱ्याच्या पुढे चिकटून, टाच दुसऱ्याच्या बोटांशी) डावा पाय मागे असला तर सगळं छान दिसतं, पुढे आला की कंबर फिरते आणि पाऊल आतल्या बाजूला कोलमडतं. त्यांनी डावा खुबा आखडलाय असं धरून ताण द्यायला सांगितलं होतं. मुलगी मन लावून करणारी. रोज रात्री पोटावर झोपून बेडकासारखे पाय पसरायचे आणि चुलत बहिणीला कंबरेवर बसवायचं, असा तिचा नेम होता. व्हिडिओत बघितलं होतं म्हणाली. दोन्ही खुबे जमिनीला टेकेपर्यंत थांबायचं नाही, असा त्यातला आदेश.

तपासणीत काय दिसलं

माझ्याकडे खुर्च्या कमी पडल्या म्हणून मुलगी खाली सतरंजीवर बसली, आणि निम्मं प्रकरण तिथेच कळलं. उजव्या पायाची व्यवस्थित मांडी. डावं पाऊल मात्र मागे, कुल्ह्याच्या बाहेर टाकलेलं. आजी लगेच म्हणाल्या, "अशीच बसते हो ही, लहान होती तेव्हापासून. अगो नीट मांडी घाल, अगो नीट मांडी घाल, माझं तोंड दुखलं. त्यानेच पाय वाकडा झाला असणार."

आजींचं निरीक्षण सोळा आणे खरं होतं, पण त्यांनी लावलेलं कारण उलटं होतं. पाऊल मागे टाकून तेच मूल आरामात बसतं ज्याचा खुबा आतल्या बाजूला जास्त फिरतो. तिला मांडी घालणं अवघड जात होतं म्हणून ती तशी बसत होती.

पण त्याआधी एक गोष्ट नक्की करायची होती. वाढत्या वयात, साधारण ११ ते १४ मध्ये, गुडघा दुखतोय म्हणून आलेल्या मुलाचा खुबा तपासल्याशिवाय सोडायचं नाही, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं असतं. मांडीच्या हाडाचं डोकं वाढीच्या थरावरून घसरतं तेव्हा दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. अशा खुब्यात आत फिरणं कमी होतं आणि बाहेर फिरणं जास्त वाटतं. म्हणजे नाचाच्या क्लासमध्ये जो पाय 'छान उघडतो' तोच आजारी असण्याची शक्यता असते. सगळ्यांचं बोट डाव्या पायाकडे होतं. मी आधी उजवा तपासला. खुबा पूर्ण दुमडताना पाय आपोआप बाहेर वळतो का, लंगडते का, जांघेत दुखतं का? तिन्ही नाही. तरी गावातल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. त्यांनी दोन बाजूंनी एक्स-रे काढला. वाढीचे थर दोन्हीकडे जागेवर, खुब्याची खोबण व्यवस्थित. पुढे वाकवून पाठ बघितली, मणक्याला बाक नव्हता. टेपने पायांची लांबी मोजली, सारखी.

मग मोजमाप. पोटावर झोपवून, गुडघा काटकोनात दुमडून, पेल्व्हिस (कंबरेचं हाड) एका हाताने धरून पाय दोन्हीकडे फिरवायचा आणि कोन मोजायचा.

उजवा खुबा बाहेर ५८ अंश, आत ३२. डावा बाहेर ४४, आत ४८.

बेरीज करून बघा. उजवीकडे ९०, डावीकडे ९२. दोन्ही खुब्यांची एकूण हालचाल जवळपास सारखीच आहे, डावीकडे ती आतल्या बाजूला सरकलेली आहे. खुबा आखडलेला असता तर बाहेरचं फिरणं कमी झालं असतं, पण आतलं वाढलं नसतं. एकूण पल्ला तेवढाच राहून नुसता सरकतो तेव्हा संशय हाडावर जातो. मांडीच्या हाडाची मान पुढच्या बाजूला किती वळलेली आहे यावर पाय कुठल्या बाजूला जास्त फिरेल ते ठरतं. जन्मतः हे वळण ३० ते ४० अंशांच्या घरात असतं. वाढीबरोबर कमी होत मोठ्या माणसात साधारण १५ वर येतं. काही जणांत एका बाजूला थोडं जास्तच राहून जातं. खुब्याच्या बाहेरचा उंचवटा हाताने चाचपत अंदाज घेता येतो. तसा घेतला तेव्हा उजवीकडे १४-१५, डावीकडे २८ च्या आसपास आलं. हाताचा अंदाज, म्हणून पाच अंश इकडेतिकडे धरावेत, पण दोन बाजूंतला फरक वरच्या आकड्यांशी जुळत होता. शेवट कसा लागतो तेही बघितलं. डावा पाय बाहेर नेताना टोकाला रबर ताणल्यासारखं काहीच लागलं नाही, सरळ अटकाव. बिजागरी कुरकुरत असेल तर तेल घालता येतं. दार भिंतीला टेकलं असेल तर तेलाचा काय उपयोग?

हे झालं हाताने फिरवून. तिने स्वतःच्या ताकदीने फिरवल्यावर उजवा ५० पर्यंत गेला, डावा ३० वरच थांबला. हा आकडा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला. डावीकडे ४४ उपलब्ध आहेत आणि ती वापरते ३०. हाडामुळे गेलेले १४ अंश परत येणार नाहीत. मध्ये पडून असलेले हे १४ मात्र तिचेच आहेत.

शेवटी उभं करून. ब्राउन पेपरवर फर्स्ट पोझिशनमध्ये, म्हणजे टाचेला टाच लावून, उभी राहिली आणि पावलांभोवती पेन्सिल फिरवली. दोन्ही पावलं ७५-७५ अंश. कागदावर काही फरकच नाही! डाव्या नडगीचा पीळ मोजला तर २० अंश, उजवीचा १४. म्हणजे डावीकडे खुब्याचे पूर्ण ४४ धरले तरी पिळासकट ६४ होतात. पाऊल दाखवतंय ७५. वरचे ११ गुडघा मुरगळून आणि तळव्याची कमान पाडून आणलेले. शिवाय खुब्याचे ४४ ती वापरतच नव्हती, त्यामुळे खरी उसनवारी याहून मोठी.

तिच्या आईच्या पर्समधलं टिकल्यांचं पाकीट मागून घेतलं. एक टिकली गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध, एक पायाच्या दुसऱ्या बोटावर, आणि दोन कंबरेच्या पुढच्या हाडांवर. आता डेमी प्लिए कर म्हटलं, म्हणजे पाय उघडे ठेवून, टाचा न उचलता गुडघे अर्धे वाकवायचे. उजवीकडे वरची टिकली खालच्या टिकलीच्या बरोबर वर आली. डावीकडे गुडघ्याची टिकली अंगठ्याच्याही आत गेली आणि कंबरेची डावी टिकली उजवीच्या मागे गेली. मुलगी आरशात बघत होती. "अय्या!" एवढंच म्हणाली. मला पुढची पाच मिनिटं समजावण्यात घालवावी लागली नाहीत.

मग मी विचारलं, पावसात फरशी निसरडी होत असेल ना? हो, म्हणून मिसनी राळ आणून ठेवली आहे. बुटांच्या तळाला राळ लावली की पाऊल जिथे ठेवाल तिथे चिकटतं. प्लिएमध्ये गुडघे वाकवून पावलं बाहेर रोवायची आणि मग गुडघे सरळ करायचे, ही युक्ती राळेवर फारच छान जमते. पाऊल हलत नाही आणि खुबा तेवढा फिरत नाही, मधला पीळ गुडघा खातो. पावसाळ्यात दुखणं का वाढलं, याचं उत्तर हवेत नव्हतं.

कोणते पर्याय होते

बेडूक-ताण चालू ठेवायचा हा पर्याय मी पहिल्याच दिवशी बंद केला. वाढत्या वयात, हाडाने अडवलेल्या सांध्यावर वजन ठेवून ताण दिला तर ताण हाडाला लागत नाही. खुब्याच्या पुढचं आवरण आणि खोबणीच्या कडेची कूर्चा यांना लागतो. याबाबत मी वाटाघाटी करत नाही.

क्लास पूर्ण बंद करायचा, असं वडिलांचं मत. ते आंबा-काजूच्या व्यापारातले, त्यांच्या हिशेबात दुखतंय तर थांबायचं. यात तथ्य आहे. पण दुखणं रात्री नव्हतं, सूज नव्हती, लंगडणं नव्हतं. बंद करून सहा महिन्यांनी ती परत आली असती ती त्याच सवयी घेऊन, आणि तोवर उंची आणखी वाढलेली. वडिलांनी मांडीचं हाड कापून फिरवण्याच्या ऑपरेशनबद्दलही कुठेतरी बघितलं होतं. ते ऑपरेशन आहे, पण ज्या मुलांना चालणं-धावणं जड जातं त्यांच्यासाठी. अस्थिरोगतज्ज्ञांनी तो विषय एका वाक्यात संपवला.

सीटी स्कॅन करून हाडाचं वळण नेमकं मोजायचं का, हा प्रश्न आईने विचारला आणि तो रास्त होता. नेमका आकडा मिळाला असता. पण २८ च्या जागी ३१ किंवा २५ निघाले असते तर आम्ही वेगळं काय केलं असतं? काहीच नाही. मग १३ वर्षांच्या मुलीच्या ओटीपोटावर किरणं कशाला?

आजींनी सुचवलं, परत भरतनाट्यमला घाला. आजींना अरमंडीची, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीची, आठवण करून द्यावी लागली. तिथेही गुडघे बाहेरच उघडायचे असतात, आणि अनवाणी पाय फरशीला चिकटतातच. नाच बदलून खुबा बदलत नाही.

खरा वाद उरला तो शेवटच्या प्रश्नावर. दोन पाय असमान आहेत हे मान्य केल्यावर उभं कसं राहायचं? प्रत्येक पायाने आपापल्या मापाने, की दोघांनी कमी पायाच्या मापाने?

निर्णय आणि त्यामागची ओढाताण

माझं म्हणणं होतं की दोन्ही पावलं जमिनीवर असतील तेव्हा माप डाव्याचं. कारण उजवा पाय पुढे गेला की पेल्व्हिस त्याच्या मागे फिरतं, आणि फिरलं की डाव्याला वाटतं आपण कमी पडतोय, मग तो गुडघ्यातून उसनं आणतो. शिक्षिकेला हे पटेना. त्यांचे दोन मुद्दे होते. एक, उजव्या पायाला कमी उघडायची सवय लागली तर आहे तेही जाईल. दुसरा, परीक्षकांना फिफ्थ बंद दिसली नाही तर गुण जातील. पहिला मुद्दा मी गंभीरपणे घेतला. दुसऱ्याबद्दल माझं मत असं, की परीक्षा पुढच्या वर्षी पण होते. पण क्लास त्या चालवतात, मी नाही. माझ्या टेबलावर ठरलेलं त्यांच्या बारपाशी टिकलं नाही तर फुकट.

म्हणून मी आकडे बाजूला ठेवून क्लासमध्येच गेले. सुताराकडून दोन गोल फळ्या करून घेतल्या होत्या, खाली बेअरिंग बसवलेल्या. त्यावर उभं राहिलं की पावलाला जमीन पकडता येत नाही, खुब्यात जेवढं आहे तेवढंच पाऊल उघडतं. मुलगी चढली आणि ७५ चा डावा पाय गर्रकन ५० वर आला. उजवा ६४. शिक्षिका स्वतःही चढल्या, मग क्लासमधल्या बाकीच्या मुली रांग लावून. कोणाचेच दोन पाय सारखे निघाले नाहीत. वाद तिथे बराच मऊ झाला.

तोडगा निघाला तो दोघींचा मिळून. दोन्ही पावलं जमिनीवर असतील तिथे ५०-५०, फिफ्थच्या जागी थर्ड, म्हणजे पुढची टाच मागच्या पावलाच्या मध्यापर्यंतच. एका पायावर उभं राहून दुसरा हवेत असेल तेव्हा उजव्याने आपलं पूर्ण माप वापरायचं, अट एकच, कंबरेच्या दोन टिकल्या एका ओळीत. यामुळे उजव्याचं काम चालू राहिलं आणि शिक्षिकेचा पहिला मुद्दा राखला गेला.

मुलीला थर्ड पोझिशन झोंबली. ती खालच्या ग्रेडच्या मुली करतात. "म्हणजे मी परत छोट्यांच्या रांगेत?" डोळ्यांत पाणी. मी तिला सांगितलं की पायांच्या पाच पोझिशन्स ज्याच्या नावावर सांगतात त्या प्येर बोशाँच्या काळात, १७व्या शतकात फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या दरबारात, पाय मिळून ९० अंशांच्या आसपासच उघडत असत. १८० चा हट्ट नंतरचा. तिचे १०० तर राजाच्या दरबारात जास्तच झाले असते. हसली, पटलं किती कोणास ठाऊक. तिची जागा रांगेत जिथे होती तिथेच ठेवायची, हे शिक्षिकेने केलं आणि ते माझ्या इतिहासापेक्षा उपयोगी पडलं.

पॉइंट शूज पुढे ढकलले. यावर कोणाचं दुमत नव्हतं, मुलीचं सोडून.

प्रत्यक्ष काम

सगळं काम त्या पडून असलेल्या १४ अंशांवर. खुब्याच्या खोलात, मोठ्या नितंबस्नायूच्या खाली, सहा लहान स्नायू असतात जे मांडीचं हाड बाहेर फिरवतात. ते वापरण्याऐवजी ती कुल्हे आवळायची. बऱ्याच मुली तेच करतात, 'पाय उघडा' म्हटलं की कुल्हे दगड. आणि आवळले की प्लिए उथळ होतो. दुसरी लपवाछपवी कंबरेची. कंबर खोल केली, पेल्व्हिस पुढे झुकवलं, की खुब्याच्या पुढचा जाड बंध सैल पडतो आणि पाय चार अंश जास्त उघडल्यासारखा वाटतो. कंबर सरळ केली की ते चार अंश गायब.

सुरुवात झोपून. कुशीवर, गुडघे दुमडून, वरचा गुडघा उघडायचा. पाठीमागे भिंत, म्हणजे पेल्व्हिस मागे लोळता येत नाही. कुल्ह्यावर तिचा स्वतःचा हात, तो मऊ राहिला पाहिजे. डावीकडे पहिल्यांदा गुडघा वीतभरही उघडला नाही आणि तिला वाटलं आपण काहीच करत नाही. मग पोटावर झोपून, गुडघा दुमडून, पाय स्वतःच्या ताकदीने टोकापर्यंत नेऊन तिथे धरून ठेवायचा. मग गोल फळ्यांवर उभं राहून, आणि शेवटी एका फळीवर एकाच पायाने. उभा पाय फिरता राहायला हवा, कारण बॅलेत पडझड होते ती बहुतेक उभ्या पायाची. लोक हवेतला पाय बघत बसतात.

पावलासाठी वेगळं फारसं दिलं नाही. खुबा कामाला लागला की कमान निम्मी आपोआप उचलली जाते.

राळ बंद. त्याऐवजी क्लासआधी विनाइल कोरड्या फडक्याने पुसून पंखे लावून ठेवायचे. हे शिक्षिकेने सगळ्यांसाठीच सुरू केलं.

मध्ये गणपती आले. मुलगी आजोळी गेली, व्यायाम सुटले, ते अपेक्षितच. पण मोदकांसाठी तिला खवणीवर बसवलं होतं. एक पाय फळीवर, दुसरा गुडघा उभा, आणि नारळ संपेपर्यंत उठायचं नाही. परत आली ती गुडघा धरून. खवणीवर बसणं वाईट असं मी म्हणणार नाही, कोकणातल्या बायकांचे खुबे त्यावरच पोसलेत. दुखऱ्या गुडघ्याला मात्र तेवढा वेळ एकाच कोनात दाबून ठेवणं नको होतं. एक आठवडा मागे गेलो.

निष्पत्ती

गुडघ्याचं दुखणं दिवाळीआधी थांबलं. मार्चमध्ये, शिमग्याच्या आधी, पुन्हा सगळी मोजणी केली.

हाताने फिरवून डावा ४४ होता, ४४ च राहिला. हे सगळ्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं, त्यामुळे कोणी हिरमुसलं नाही. स्वतःच्या ताकदीने ३० चा ३९ झाला. गोल फळीवर डावा ५०, आता ५९. उजवा स्वतःच्या ताकदीने ५२, म्हणजे गेलं काही नाही, उलट दोन अंश आले. थर्ड सोडून ती फिफ्थमध्ये आली, पूर्ण बंद नाही, बोटभर फट राहते. टिकल्या लावून प्लिए केला तर डावी टिकली दुसऱ्या बोटावर येते. ग्राँ प्लिएमध्ये, म्हणजे गुडघे पूर्ण वाकवल्यावर, तळाशी अजून आत घसरते.

परीक्षा तिने एक सत्र उशिरा दिली आणि मेरिट मिळालं. परीक्षकांच्या शेऱ्यात टर्नआउटचा उल्लेख होता, नियंत्रण चांगलं असा. शिक्षिकेने मला त्याचा फोटो पाठवला.

न सुटलेलंही आहे. वेगवान उड्यांच्या शेवटी, दमली की, डावं पाऊल जुन्या ७५ च्या दिशेने निघतं. तिला कळतं, पण उतरल्यावर कळतं. डाव्या पायावरचे पिरुएत, म्हणजे एका पायावरच्या गिरक्या, उजव्यापेक्षा कच्चे आहेत आणि मला वाटतं ते तसेच राहतील.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

पोटावर झोपवून दोन्ही बाजूंचं आतलं आणि बाहेरचं फिरणं बघणं, हे शिक्षिकेला क्लासमध्येच करता येतं. कोनमापक नसला तरी चालतो, डोळ्यांना फरक दिसतो. आतलं जास्त, बाहेरचं कमी, असं एकाच बाजूला दिसलं तर ताण द्यायच्या आधी कोणालातरी दाखवा. या प्रकरणात ते सुरुवातीलाच झालं असतं तर चुलत बहीण कंबरेवर बसायची वेळ आली नसती. शिक्षिकेने आता नव्या मुलींसाठी हे सुरू केलंय, वर्षातून दोनदा, कारण या वयात उंची वाढते तशी मापंही हलतात.

फक्त समोरून काढलेल्या व्हिडिओवर कोणी निर्णय घेऊ नये. समोरून तिचे दोन्ही पाय सारखेच दिसत होते. कंबर फिरलेली दिसली ती वरून, स्टुलावर चढून बघितल्यावर.

थर्ड पोझिशन इतके महिने ठेवायची गरज होती का, याबद्दल माझं आणि शिक्षिकेचं अजून एकमत नाही. त्यांचं म्हणणं, बारवर थर्ड आणि मधल्या मोकळ्या जागेत फिफ्थ, असं दोन महिन्यांनी सुरू करता आलं असतं. मुलीचं मन राखलं गेलं असतं. मला वाटतं, मोकळ्या जागेत बारचा आधार नसतो आणि उसनवारी तिथेच सगळ्यात जास्त होते, त्यामुळे आधी बारवर फिफ्थ यायला हवी. पण मन राखण्याचा मुद्दा खरा आहे. पुढच्या वेळी मी उलट क्रम लावून, दोन्हीकडे टिकल्या लावून बघेन.

सणांचं वेळापत्रक आधीच धरायला हवं. कोकणात गणपती आणि शिमगा म्हणजे क्लास बंद, घर भरलेलं, मुलगी गावी. त्या दिवसांसाठी झोपून करायचे दोनच व्यायाम कागदावर लिहून द्यायचे आणि खवणीचं काम मावशीकडे सोपवायचं, हे आईशी आधी बोलून ठेवलेलं बरं.

पॉइंट शूजचं ठरायचंय. अट अशी ठेवलीय: गोल फळीवर डाव्या एका पायाने उभं राहून टाच उचलायची, पाऊल आत न पडता आणि कंबरेच्या टिकल्या एका ओळीत ठेवून, दमलेल्या अवस्थेत, म्हणजे क्लासच्या शेवटी. ताजी असताना ती हे आत्ताच करते. शेवटी अजून डगमगते. पुढची मोजणी मे महिन्याच्या सुट्टीत, वडिलांच्या पेट्या भरून झाल्यावर.